कारण कळवण्याची गरज नाही

तुम्ही बेंगळूरच्या आमदार निवासात उतरला आहात. तारीख २६ जून १९७५, वार गुरुवार. काल रात्री बाराच्या सुमारास दिल्लीत राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. पहाटे गांधी शांती प्रतिष्ठानातून जयप्रकाश नारायणांना पोलिसांनी नेलं. देशाच्या मंत्रिमंडळाला हे सगळं सकाळी सहा वाजता कळलं. इथे पक्षांतरबंदी विधेयकाच्या संसदीय समितीच्या कामासाठी काही खासदार आले आहेत. त्यांतल्या चौघांना आज अटक होणार आहे: अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे मधू दंडवते.

तुम्ही दंडवत्यांजवळ थांबा. हा मूळचा नगरचा माणूस, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक, कोकणाने निवडून दिलेला समाजवादी. कशासाठी नेताहेत आणि किती दिवसांसाठी, यातलं काहीही त्यांना कोणी सांगणार नाही. तुम्हाला मात्र ठाऊक आहे, की हे दीड वर्षाचं प्रकरण आहे. पत्नी प्रमिला दंडवते यांनाही पकडून येरवड्यात ठेवतील. मग दोघं दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहितील, आणि प्रत्येक पत्र आधी एक परका माणूस वाचेल. तुम्हाला हे त्यांच्या कानात सांगावंसं वाटेल, पण या प्रवासात बोलायची मुभा नाही. बघायचं, ऐकायचं, आणि आपण पुढच्या काळातून आलो आहोत हे विसरायचं नाही. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता एखाद्या जिल्हाधिकारी कचेरीत शिरा, कोणत्याही राज्यातल्या. टेबलावर स्थानबद्धतेचे आदेश आहेत. मजकूर सगळीकडे तोच, फक्त नाव बदलतं. ‘मिसा’ हा खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा १९७१ पासून आहेच. पण कालपर्यंत एखाद्याला आत टाकलं तर त्याला कारण द्यावं लागे आणि प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावं लागे. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघतो, की घटनेच्या कलम १४, २१ आणि २२ खालच्या हक्कांसाठी कोणालाही कोर्टात जाता येणार नाही. २९ जूनला अध्यादेशाने मिसात दुरुस्ती होते आणि स्थानबद्धाला कारण कळवण्याची गरजच उरत नाही. पुढच्या दुरुस्त्यांनी तर ते कारण राज्याचं गुपित ठरवलं.

या टेबलापाशी थोडं थांबा. मारहाण, अंधारकोठडी, उपासमार हे सगळं नंतरचं. त्याची मुळं या कागदात आहेत. ज्या अधिकाऱ्याला कारण लिहून दाखवावं लागत नाही, त्याला कारण शोधावंही लागत नाही. काही ठिकाणी आदेश आधी निघाले आणि कारणं मागाहून तयार झाली, हे पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आलं. त्याच आयोगाने मिसाखाली डांबलेल्यांचा आकडा नोंदवला: ३४,९८८. त्यांत विरोधी पक्षांचे पुढारी होते, संघाचे आणि जमातचे लोक होते, नक्षलवादी म्हणून पकडलेले होते, काही तस्करही होते. आणि दुसऱ्यांच्या हक्कासाठी भांडणं हाच ज्यांचा उद्योग होता, अशी कितीतरी साधी माणसं होती. युनियनचे कार्यकर्ते, पत्रकं वाटणारे विद्यार्थी, प्राध्यापक, वकील. त्यांच्या अटकेने दोन कामं होतात. एक माणूस आत जातो, आणि त्या माणसाच्या भरवशावर असलेल्या शेकडोंना विचारणारं कोणी उरत नाही.

मृणाल गोरे घ्या. गोरेगावच्या बायकांना नळाला पाणी मिळावं म्हणून झगडल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले. आणीबाणी लागताच त्या भूमिगत झाल्या, वर्षअखेरीस पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात तुम्हाला त्या दिसतील. राजकीय कैदी म्हणून सोबत कोणी नाही, एकटीलाच ठेवलं आहे, आणि शेजारच्या कोठडीत कुष्ठरोग झालेली एक कैदी बाई आहे. मृणाल गोऱ्यांनी कायदा कोणता मोडला, हे तुम्ही वॉर्डरला विचारू शकत नाही. विचारलंत तरी त्याला माहीत नाही.

मुंबईत या. ऑक्टोबर १९७५. जिना हॉलमध्ये वकिलांची सभा भरायची आहे. विषय नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. बोलणार कोण, तर मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि भारताचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह. पोलीस आयुक्त परवानगी नाकारतात. बंद सभागृह, म्हातारे कायदेपंडित, समोर वकील मंडळी, आणि तरीही परवानगी नाही. आयोजक उच्च न्यायालयात जातात, आणि डिसेंबरात मुख्य न्यायमूर्ती कांटावाला आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर पोलिसांचा आदेश रद्द करतात. आणीबाणी आहे म्हणून सरकारवर टीका करणं गुन्हा होत नाही, असं हे खंडपीठ ठणकावून सांगतं. निकाल वाचून दाखवला जात असताना तुमच्या अंगावर काटा येईल. या न्यायाधीशांची केव्हाही बदली होऊ शकते, हे त्या दालनातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन आहे. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्षपदावर दुर्गा भागवत. जयप्रकाशांची मूत्रपिंडं कोठडीत निकामी झाली आहेत, पॅरोलवर सोडून त्यांना मुंबईला जसलोकमध्ये आणलं आहे. दुर्गाबाई भर मांडवात सगळ्यांना त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावतात. तुम्हीही उभे राहा, इतक्या गर्दीत कोणाच्या लक्षात येणार नाही. पुढच्या वर्षी एशियाटिकच्या ग्रंथालयातून, पुस्तकांमधूनच, त्यांना अटक झाली.

पण तुम्हाला इथे रमता येणार नाही, कारण याच महिन्यात दिल्लीत खरी गोष्ट चालू आहे.

सर्वोच्च न्यायालय, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. मधोमध सरन्यायाधीश अजितनाथ राय, सोबत हंसराज खन्ना, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेले यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती. प्रकरण साधं आहे. देशभरातल्या स्थानबद्धांनी हेबिअस कॉर्पसच्या याचिका केल्या: आम्हाला कोर्टापुढे उभं करा आणि कोणत्या कायद्याने धरलंत ते सांगा. बेंगळूरच्या त्या चौघांचीही अशीच याचिका होती. सरकार म्हणालं, कलम २१ स्थगित आहे, सबब याचिका ऐकताच येत नाहीत. नऊ उच्च न्यायालयांनी सरकारचं म्हणणं फेटाळलं. हक्क बजावता येत नसेल, पण आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढं तरी आम्ही पाहणारच, असं म्हणाली. सरकार अपिलात आलं. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचं नाव या खटल्याला कायमचं चिकटलं.

स्थानबद्धांच्या बाजूला वकिलांची रांग आहे. शांती भूषण, सोली सोराबजी, आणि विठ्ठल महादेव तारकुंडे. सासवडचा हा माणूस मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होता, राजीनामा देऊन बाहेर पडला. बाहेर अटकसत्र चालू असताना अटक झालेल्यांची बाजू घेऊन उभं राहायला काय लागतं, ते या रांगेकडे बघून समजून घ्या.

सरकारतर्फे ॲटर्नी जनरल नीरेन डे बोलताहेत. युक्तिवाद नेटका आहे, त्यात कुठेही आरडाओरड नाही. स्वातंत्र्याचा हक्क कलम २१ मधून येतो, ते कलम स्थगित आहे, म्हणजे दाद मागायला जागा नाही. तेवढ्यात खन्ना मध्ये बोलतात. त्यांचा प्रश्न लहानसा आहे. कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. उद्या एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर त्यावरही काही उपाय नाही का?

आता डे काय म्हणतात ते नीट ऐका. आणीबाणी आहे तोवर, नाही. आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचं तर नाही. तुमच्या विवेकाला धक्का बसेल, माझ्याही बसतो, अशी पुस्तीही ते जोडतात.

इतर चौघांकडे बघा. एरवी मानवी हक्कांवर भरभरून बोलणारे आपले सहकारी त्या वेळी मूक होते, असं खन्नांनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं. मला या सगळ्या खटल्यात तो प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, खन्नांच्या निकालाहूनही. सरकारचा युक्तिवाद तोवर एक शहाणासुरता कायदेशीर मुद्दा वाटत होता. त्या प्रश्नाने तो शेवटपर्यंत नेऊन दाखवला. कारण सांगणार नाही इथून निघालेली वाट, मारलं तरी विचारायचं नाही, इथे पोहोचते. मधे कुठेही थांबा नाही.

सुनावणी संपते, आणि निकालाची वाट बघत महिने जातात.

तेवढ्यात केरळला जायचं आहे. १ मार्च १९७६, कालिकतचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज. पी. राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलीस घेऊन जातात, नक्षलवाद्यांशी संबंध असल्याच्या संशयावरून. कक्कयमला पोलिसांनी चौकशीचा तळ ठोकला आहे. आत जाऊ नका. तुम्ही काही थांबवू शकणार नाही, आणि तिथे जे केलं गेलं ते बघायची कोणावरही वेळ येऊ नये. त्याऐवजी वडिलांबरोबर चाला. टी. व्ही. ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. ते पोलीस अधिकाऱ्यांकडे जातात, गृहमंत्री करुणाकरन यांना भेटतात, मुख्यमंत्र्यांना भेटतात, अर्जावर अर्ज लिहितात. माझा मुलगा कुठे आहे, एवढंच त्यांना हवं आहे. हेबिअस कॉर्पस नेमकी याच बापासाठी आहे. आणि ती दिल्लीत पाच न्यायमूर्तींच्या टेबलावर पडून आहे.

२८ एप्रिल १९७६. पुन्हा तेच दालन. चार विरुद्ध एक: राष्ट्रपतींचा आदेश असेतो कोणाही स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येणार नाही. आदेश कायद्याबाहेरचा असला तरी नाही, आकसाने काढलेला असला तरी नाही. बेग यांच्या निकालपत्रात एक वाक्य आहे, की स्थानबद्धांच्या राहण्याजेवणाची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे. हे ऐकताना तुम्हाला अकोल्याची कोठडी आठवेल. चंद्रचूड आशा व्यक्त करतात, की आपल्या स्वतंत्र देशात कैद्यांना मारझोड, उपासमार, गोळ्या घालणं असलं काही होणार नाही. तुम्ही भविष्यातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे की त्या दिवशी राजन जिवंत नव्हता.

मग खन्ना. जगण्याचा हक्क घटनेने दिलेली देणगी नाही, घटना नसतानाही कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य कायद्याच्या आधाराविना घेता येत नव्हतं. कलम २१ पुसून टाकलं तरी सरकारला तसा अधिकार मिळत नाही. शेवटाकडे ते अमेरिकेचे एक जुने सरन्यायाधीश ह्यूज यांचा दाखला देतात. भिन्नमताचा निकाल हा भावी काळाच्या शहाणपणाकडे केलेला अर्ज असतो, त्या काळाने आजच्या कोर्टाची चूक दुरुस्त करावी म्हणून.

सगळे वकील खाली मान घालून लिहून घेताहेत. या दालनात त्या भावी काळातून आलेले तुम्ही एकटे आहात. हा अर्ज तुमच्या नावे आहे. तो घ्या.

आपल्याला सरन्यायाधीशपद मिळणार नाही, हे खन्ना ओळखून होते, घरच्यांना त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून बेग यांना नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. तारकुंडे हरून घरी बसले नाहीत. जयप्रकाशांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, दिल्लीत नागरी हक्कांची जी संघटना उभी राहिली, जिला आपण पीयूसीएल म्हणतो, तिच्या उभारणीत ते होते.

परतीपूर्वी बेंगळूरच्या तुरुंगात एक रात्र काढा. दंडवते अजून आतच आहेत. बायकांच्या बाजूला स्नेहलता रेड्डी आहेत. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातल्या नटी, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्या परिचयातल्या, मे १९७६ पासून मिसाखाली. त्यांना दम्याचा आजार आहे. रात्रीच्या शांततेत त्यांच्या कोठडीतून येणारा आक्रोश ऐकू यायचा, असं दंडवत्यांनी नंतर लिहून ठेवलं. तुम्हालाही तो ऐकू येईल. ज्या डायनामाइट कटाच्या संशयावरून त्यांना आणलं, त्याच्या आरोपपत्रात त्यांचं नाव कधीच आलं नाही. १५ जानेवारी १९७७ ला त्यांना पॅरोलवर सोडलं आणि २० तारखेला त्या गेल्या. मधे १८ तारखेला इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या होत्या.

पुढचं भराभर बघा. मार्चमध्ये आणीबाणी उठली, आणि त्याच महिन्यात ईच्चर वारियर केरळ उच्च न्यायालयात उभे राहिले. ज्या याचिकेचा दरवाजा वर्षभर बंद होता, ती आता चालली. कोर्टाने मुलाला हजर करायला सांगितलं, नुकतेच मुख्यमंत्री झालेले करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं, आणि राजन पोलिसांच्या ताब्यात मेला हे सरकारला कबूल करावं लागलं. मृतदेह मिळाला नाही. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरलं, की आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. अर्ज मंजूर झाला, असं समजून तुम्ही घरी परताल.

पण गाडी अलीकडेच थांबते. नवी मुंबई, तळोजा कारागृह, २०२१. आणीबाणी नाही. कलम २१ शाबूत आहे. कोर्टं उघडी आहेत. आत पार्किन्सनचा आजार असलेले फादर स्टॅन स्वामी आहेत, झारखंडात आदिवासींमध्ये आयुष्य काढलेले जेझुइट पाद्री. नक्षलवादी ठरवून वर्षानुवर्षं खटल्याविना तुरुंगात ठेवलेल्या आदिवासी तरुणांसाठी त्यांनी तिथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ८ ऑक्टोबर २०२० ला राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीतून एल्गार परिषद प्रकरणात अटक केली. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध, हा आरोप. तो त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. हात थरथरतात, पेला धरवत नाही, म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज त्यांना कोर्टात करावा लागला, आणि तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत मागितली.

इथे कारण लपवलेलं नाही. कारण कागदावर आहे, भरपूर कागदांवर आहे. यूएपीए कायद्याच्या कलम ४३ड च्या पोटकलम ५ नुसार, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. तो खरा की खोटा हे खटल्यात ठरायचं, आणि खटला सुरू व्हायला वर्षं लागतात. पंचाहत्तरमध्ये स्थानबद्ध करायला घटनेची कलमं स्थगित करावी लागली. इथे ती जागेवर ठेवून तेच साधलं, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने स्वामींचा जामीन फेटाळला.

२१ मे २०२१. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ पडद्यावर त्यांच्याशी बोलतं. ते सांगतात, तळोजात आलो तेव्हा मी चालत होतो, स्वतः आंघोळ करत होतो, थोडं लिहितही होतो. हळूहळू सगळं गेलं, आता मला कोणीतरी भरवावं लागतं. जे. जे. रुग्णालयात जायला ते तयार नाहीत. मला माझ्या माणसांत जाऊ द्या, एवढीच मागणी. आठवड्याने कोर्टाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला सांगितलं.

या वर्षात तुम्ही पाहुणे नाही. मे २०२१ मध्ये तुम्ही होतात, वर्तमानपत्रात ही बातमी होती, सिपरची बातमी तर सगळीकडे होती. या प्रवासात बोलायचं नाही हा नियम इथे लागू नव्हता. तेव्हा आपण काय बोललो, ते आठवून बघा.

५ जुलैला दुपारी जामिनाची सुनावणी आहे. वकील मिहीर देसाई खंडपीठाला विनंती करतात, की आधी रुग्णालयाच्या डॉक्टरांना बोलू द्यावं. डॉक्टर सांगतात, की फादर स्वामी थोड्या वेळापूर्वी वारले. वय चौऱ्याऐंशी. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाने पुढे त्यांची कोठडी मनमानी ठरवली. त्या दुपारपर्यंत, अटकेला नऊ महिने होत आले तरी, खटल्यात आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.